फुफाटा, रेती आणि चार इंची टायर

आष्टी तालुका वर्धा जिल्ह्याच्या वायव्य टोकाला आहे. एका अंगाला वर्धा नदी आणि तिच्यापलीकडे अमरावती जिल्ह्यातले मोर्शी-वरूड, दुसऱ्या अंगाला कारंजा आणि आर्वी. बाहेरच्या माणसाला आष्टी गाव 16 ऑगस्ट 1942 च्या नागपंचमीला झालेल्या लढ्यामुळे ठाऊक असते. इथल्या शेतकऱ्याचे रोजचे काम मात्र पांदणीशी. डांबरी रस्ता गावापर्यंत येतो, वावर त्याच्या पुढे असते. मधला एक-दोन किलोमीटरचा पट्टा पांदणीचा. उन्हाळ्यात तिथे घोट्यापर्यंत फुफाटा, पावसाळ्यात गुडघ्यापर्यंत गारा आणि हिवाळ्यात बंड्या-ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या कडक झालेल्या.

या पांदणीवरून साधी सायकल चालवणाऱ्याला तिचा दोष पटकन सापडतो. फुफाट्यात पुढचे चाक रुतते आणि हँडल आपोआप वळते. चाकोरीत शिरले तर बाहेर निघत नाही. शेवटी माणूस उतरतो आणि सायकल ढकलत नेतो. त्यामुळेच बाजारात जाड टायरच्या सायकली दिसू लागल्या तेव्हा दहावी-बारावीतल्या पोरांच्या बरोबरीने शेतकऱ्यांचीही नजर त्यांच्यावर गेली. फॅट बाईक म्हणतात ती हीच. जवळजवळ मोटारसायकलच्या जाडीचे टायर, पण पायडल मारून चालणारी. पोरांना ती रुबाबदार वाटते म्हणून हवी असते. मोठ्यांचा प्रश्न वेगळा असतो: ही पांदणीत चालेल का? उत्तर वर्षाच्या काही महिन्यांत ठाम हो आहे आणि काही महिन्यांत तितकेच ठाम नाही. ते नीट समजून घ्यायचे तर आधी टायर काय करतो ते पाहावे लागेल.

साध्या सायकलचा टायर दीड इंचाच्या आसपास रुंद असतो. फॅट बाईकचा पावणेचार इंचांपासून पुढे, कधी पाच इंचांपर्यंत. पण खरा फरक रुंदीपेक्षा हवेत आहे. साध्या सायकलमध्ये 40 ते 60 पीएसआय दाबाची हवा भरतात. फॅट बाईकमध्ये कच्च्या रस्त्यावर 8 ते 12 पीएसआय पुरते, मऊ रेतीत तर 5-6 पर्यंतही उतरता येते.

आता हिशोब करू. माणूस, सायकल, डबा आणि पाण्याची बाटली धरून 90 किलो वजन समजा. टायर जमिनीला टेकतो तेव्हा थोडा चपटा होतो, आणि चपट्या भागाचे क्षेत्रफळ साधारण एवढे होते की आतल्या हवेचा दाब वरचे वजन पेलू शकेल. 45 पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 3.15 किलो. 90 किलो पेलायला दोन्ही चाकांची मिळून 28-29 चौरस सेंटिमीटर जागा पुरते. 8 पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 0.56 किलो. तेच 90 किलो पेलायला 160 चौरस सेंटिमीटर लागतात. जमिनीवर पडणारा भार साडेपाच पटींनी कमी झाला. सत्तर किलोचा माणूस चालताना एका पावलावर उभा असतो तेव्हा जमिनीवर साधारण अर्धा किलो दर चौरस सेंटिमीटर एवढा दाब पडतो. म्हणजे हवा उतरवलेली फॅट बाईक जवळजवळ माणसाच्या पावलाइतकीच जमिनीत दबते. जिथून माणूस न रुतता चालत जातो तिथून ती जाते. टायर रुंद ठेवायचा तो एवढ्यासाठीच की इतक्या कमी हवेत रिम खाली जाऊन दगडावर आपटू नये.

हे तत्त्व विदर्भाच्या शेतकऱ्याला नवे नाही. लाकडी चाकाच्या बंडीला लोखंडी धाव असते, रुंदीला जेमतेम दोन इंचांच्या आसपास. तिच्यावर कापसाचे किंवा ज्वारीचे ओझे लादले की धाव जमीन कापत जाते. पांदणीतल्या चाकोऱ्या पिढ्यानपिढ्या या धावेनेच पाडल्या. पुढे रबरी टायरच्या बंड्या आल्या, ज्यांना लोक कंपनीच्या नावावरून सरसकट डनलॉपची गाडी म्हणू लागले. तेच बैल तीच पांदण जास्त ओझे घेऊन तुडवू लागले, कारण रुंद आणि हवेचे चाक कमी रुतते. ज्याच्या नावाने ही गाडी ओळखली जाते त्या जॉन बॉइड डनलॉप यांनी 1887-88 मध्ये बेलफास्टला हवेचा टायर बनवला होता तो मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी. सायकलसाठी निघालेली वस्तू बंडीला लागली आणि बंडीने शिकवलेली गोष्ट आता पुन्हा सायकलकडे आली.

ती परत आली वाळवंटातून आणि बर्फातून. 1980 साली जाँ नो या फ्रेंच सायकलस्वाराने मिशेलिनने खास बनवलेल्या टायरवर नायजरमधल्या झिंदरपासून अल्जीरियातल्या तमनरासेटपर्यंत सहाराची वाळू ओलांडली. अलास्कात 1987 पासून बर्फातली सायकल शर्यत सुरू झाली, आणि तिथल्या हौशी लोकांनी दोन रिम शेजारी शेजारी जोडून, वेल्डिंग करून रुंद चाके घरीच बनवली. सायमन राकोवर यांनी पुढे 44 मिलिमीटर रुंदीची तयार रिम विकायला आणली. बर्फ आणि वाळू यांचा गुण एकच: वरचा थर दाब सहन करत नाही. 2005 साली सर्ली या अमेरिकी कंपनीने पग्जली नावाची सायकल आणली, तेव्हा दुकानात जाऊन जाड टायरची सायकल विकत घेणे पहिल्यांदा सोपे झाले. जानेवारी 2014 मध्ये डॅनियल बर्टन हे अशाच सायकलवर दक्षिण ध्रुवावर पोचले. भारतात ती आपल्यापर्यंत आली त्यानंतर, बऱ्याच अंशी हौसेची वस्तू म्हणून, आणि तिचा मूळ उद्देश वाटेत बराच हरवला.

हरवला म्हणतो त्याचे कारण असे की आपल्याकडे या सायकली बहुतेक टणक हवा भरून डांबरी रस्त्यावर फिरतात. पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर असतो. तो मोटारसायकलच्या सवयीने तीस-पस्तीसपर्यंत हवा भरतो, मालकही बोटाने दाबून बघतो आणि ‘टायर कडक आहे’ म्हणून समाधानी होतो. इथे दोन नुकसाने होतात. पहिले धोक्याचे. टायरच्या कापडावर येणारा ताण दाब आणि रुंदी यांच्या गुणाकाराने वाढतो. चार इंची टायरमधल्या 20 पीएसआयचा ताण दीड इंची टायरमधल्या 53 पीएसआयएवढा असतो. तिथे 40 भरले की टायर रिमवरून निसटू शकतो, म्हणूनच टायरच्या बाजूवर कमाल दाब छापलेला असतो आणि तो वाचायलाच हवा. दुसरे नुकसान चालवण्याचे. कडक फॅट टायर दगडावरून चेंडूसारखा उसळतो. ज्या गुणासाठी पैसे मोजले तोच गुण हवेने बुजवला.

फॅट बाईक हवा काढून चालवायची असते. ट्यूबच्या तोंडाचे टोपण काढायचे, मधला खिळा काडीने किंवा नखाने दाबायचा, फुस्स होऊ द्यायचे. सायकलवर बसून पाहायचे: मागचा टायर बसल्यावर किंचित फुगीर दिसला पाहिजे, पण खड्ड्यात रिम दगडाला लागता कामा नये. पांदणीच्या तोंडाशी हवा उतरवायची आणि परत येताना डांबरी लागली की पंपाने थोडी भरायची. साधा हवामापक इथे चालत नाही, कारण शंभर-दीडशे पीएसआयच्या तबकडीवर 8 आणि 12 मधला फरक दिसतच नाही. कमी दाबाचा वेगळा मापक मिळतो, तो घ्यावा.

एवढे केल्यावर आष्टीची जमीन महिन्यामहिन्याने काय म्हणते ते पाहू.

उन्हाळ्यापासून सुरू करतो, कारण तिथे ही सायकल खरोखर बादशाही आहे. मार्च-एप्रिलमध्ये पांदणीतला फुफाटा पिठासारखा बारीक होतो. साध्या टायरखाली तो दुभंगतो, फॅट टायरखाली दबून बसतो. नदीच्या पात्रात रेती उघडी पडते, तीही याच टायरच्या ओळखीची. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला 1993 साली पूर्ण झालेल्या अप्पर वर्धा धरणाचे पाणी आष्टी तालुक्याच्या बाजूलाही पसरते. उन्हाळ्यात ते मागे सरकते आणि कोरडा किनारा उरतो. कडेकडेने, जिथे गाळ पूर्ण वाळला आहे तिथे, ही सायकल मजेत फिरते. मात्र पाण्याच्या अगदी जवळ वर कोरडी साय दिसते आणि खाली ओला गाळ असतो. तिथे फॅट टायरचाही भरवसा धरू नये, पायाने चाचपून मगच पुढे जावे.

उन्हाळ्याची दुसरी गोष्ट भेगांची. दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून बनलेल्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट गटातली चिकणमाती भरपूर असते. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळून आक्रसते. वैशाखात धुऱ्याच्या कडेने आणि वावरात बोटे जातील एवढ्या रुंद, हातभर खोल भेगा पडतात. दीड इंची टायर अशा लांब भेगेत रुळावर बसावा तसा बसतो आणि माणूस तोंडावर आपटतो. चार इंची टायर भेगेच्या दोन्ही काठांवर टेकून पलीकडे जातो. पांदण सोडून वावरातून जाणाऱ्याला हा फायदा रुबाबापेक्षा कितीतरी मोठा आहे.

विदर्भात जमिनीच्या जाती काळी, मोरांड, खरडी, बरडी अशा ओळखल्या जातात. टेकड्यांच्या बाजूला खरडी-बरडी, मुरमाड, खडेदार रान. नदीकडे भारी काळी. बरडीवर फॅट बाईक बाराही महिने चालते. पाणी निचरून जाते, खडे रुंद टायरखाली दाबले जातात आणि उतारावर चाक घसरत नाही. संत्र्याच्या बगीच्यात ओलिताच्या पाटाजवळची जमीन मऊ असते, तिथेही रुंद टायर झाडांच्या मुळांभोवतीची माती कमी दाबतो.

आणि मग मृग येतो. पहिल्या दोन पावसांपर्यंत ठीक. त्यानंतर काळी माती मळलेल्या कणकेसारखी होते, आणि इथे फॅट बाईकविषयीचा सगळ्यात मोठा गैरसमज उघडा पडतो. लोकांना वाटते की जाड टायर म्हणजे चिखलाचा टायर. रुतण्याचा प्रश्न तो सोडवतो, हे खरे. पण काळ्या मातीची खरी अडचण चिकटण्याची आहे. टायर जितका रुंद तितकी जास्त माती त्याला धरते. शंभर पावलांत चाकावर थर चढतो, पुढच्या फोर्कमध्ये आणि मागच्या दांड्यांमध्ये माती ठासून भरते, चेन आणि गिअरच्या दात्यांत जाते, आणि चाक फिरायचे थांबते. मग वीस किलोची सायकल आणि तिच्यावरची दहा किलो माती खांद्यावर घेऊन चालत जावे लागते. साध्या सायकलचे अरुंद चाक इथे कमी माती धरते, काडीने खरवडले की सुटते. श्रावणात काळ्या वावराच्या पांदणीवर फॅट बाईक नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खरडीवरून जाणारी वाट असेल तर गोष्ट वेगळी.

दिवाळीनंतर चिखल वाळतो आणि चाकोऱ्या कडक होतात. अरुंद टायर त्यांच्यात अडकतो, रुंद टायर काठावर चढतो. त्यामुळे कार्तिकापासून मृगापर्यंतचे सहा-सात महिने या सायकलचे. कापूस वेचणीला जाणारा, हरभरा-गहू ओलणारा, रात्री रानडुकरांपासून आणि रोह्यांपासून पीक राखायला जागलीला जाणारा माणूस या महिन्यांत पांदणीवर सर्वांत जास्त असतो.

काट्यांचे काय, हे कुणीही लगेच विचारेल. बाभळीचा काटा आणि सराटा रुंद टायरलाही तितकाच टोचतो. उलट रुंदी जास्त म्हणून काटा भेटण्याची शक्यता जास्त. ट्यूबलेस करून आत सीलंट टाकले तर बारीक छिद्रे आपोआप बुजतात, आणि कमी दाब असल्यामुळे हवा फवारा मारून बाहेर जात नाही. पण स्वस्त सायकलच्या रिम ट्यूबलेससाठी बनवलेल्या नसतात. मग ट्यूबमध्येच सीलंट भरावे. 26 इंची, चार इंच रुंदीची ट्यूब तालुक्याच्या दुकानात मिळेलच असे नाही, म्हणून एक जादा आणून ठेवावी. अडचणीत 26 इंची साध्या डोंगरी सायकलची रुंद ट्यूब ताणून बसते आणि घरापर्यंत पोचवते.

डांबरी रस्त्यावर मात्र ही सायकल जड जाते. टायर प्रत्येक फेरीत वाकतो आणि सरळ होतो, त्यात शक्ती खर्च होते. शिवाय वजन चाकाच्या कडेला असल्याने वेग घ्यायला दम लागतो. जुनी काळी सायकलही वीस किलोच्या आसपास असायची, म्हणजे एकूण वजनात फार फरक नाही. फरक वजन कुठे आहे त्यात आहे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 साली रेस अक्रॉस अमेरिका एकट्याने पूर्ण केली आणि 2018 साली रशियातली नऊ हजार किलोमीटरहून लांब ट्रान्स-सायबेरियन शर्यत पार केली. विदर्भातल्या सायकलवाल्याला त्यांचा अभिमान वाटतो तो रास्त आहे. पण त्यांची सायकल अरुंद, कडक टायरची आणि गुळगुळीत रस्त्याची. तळेगाववरून जाणाऱ्या महामार्गावर रोज वीस किलोमीटर जायचे असेल तर तोच कित्ता गिरवावा, फॅट बाईकच्या नादी लागू नये.

आता खरेदीचे. पंधरा-वीस हजारांच्या आसपास ज्या फॅट बाईक मिळतात त्यांतल्या काहींना गिअरच नसतात. अशी सायकल घेऊ नये. रेतीत आणि फुफाट्यात वेग ताशी सहा-आठ किलोमीटरवर येतो, तिथे हलका गिअर नसला तर गुडघे बोलायला लागतात. गुडघ्यांचा आणखी एक मुद्दा आहे. टायरला जागा द्यायला पायडलच्या आसाची चौकटीतली नळी साध्या सायकलच्या 68-73 मिलिमीटरऐवजी 100 मिलिमीटर रुंद असते, त्यामुळे पाय जरा फाकून चालवावे लागतात. काहींना सवय होते, काहींचे गुडघे दुखतात. घेण्याआधी अर्धा तास तरी चालवून पाहावी. डिस्क ब्रेक असलेली घ्यावी, कारण धुळीत आणि ओल्यात रिम ब्रेक कामातून जातो.

शेतकऱ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट दुकानदार सांगत नाही, ती कॅरिअरची. बऱ्याच फॅट बाईकना कॅरिअर बसवायची सोय नसते, मडगार्डही नीट बसत नाही. वैरणीचा भारा, फवारणीचा पंप, संत्र्याची टोपली यांच्याशिवाय वावराची सायकल कशी? आणि मागे चाळीस किलो टाकले की टायरमध्ये जास्त हवा भरावी लागते, मग मऊ जमिनीवरचा फायदा तितकाच कमी होतो. ओझे वाहण्यासाठी ही सायकल घेऊ नये. माणूस, डबा, विळा आणि पाण्याचा कॅन एवढे तिचे काम.

विजेच्या फॅट बाईकही येऊ लागल्या आहेत. 250 वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी 25 किलोमीटरपर्यंतचा वेग असेल तर आपल्याकडे नोंदणी लागत नाही. रुंद टायरला लागणारी जादा शक्ती मोटर भरून काढते, ही जोडी तांत्रिकदृष्ट्या जमते. पण मेच्या 45 अंशांत सायकल घराबाहेर पत्र्याखाली तापत ठेवली तर बॅटरीचे आयुष्य घटते. बॅटरी काढून सावलीत ठेवता येईल अशीच घ्यावी.

शाळेच्या मुलामुलींसाठी माझी शिफारस मात्र वेगळी आहे. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना सायकली मिळतात. त्यांनी कितीजणींचे शिक्षण टिकवले आहे हे गावागावांत दिसते. त्या सायकलींचे टायर अरुंद असतात आणि पांदणीच्या टप्प्यात पोरी उतरून ढकलत जातात. त्यांना चार इंची टायरची गरज नाही. दोन ते सव्वादोन इंची टायर, 25-30 पीएसआय हवा, मडगार्ड आणि कॅरिअर एवढ्यावर फुफाट्यातला बराचसा त्रास जातो, डांबरीवर दम लागत नाही आणि ट्यूब कुठेही मिळते. अशा सायकली द्यायला हव्यात, आणि पालकांनीही पोराच्या हट्टापायी चार इंचांवर पैसे घालण्याआधी या मधल्या वाटेचा विचार करावा.

फॅट बाईक ज्याने घ्यावी तो माणूस वेगळा. ज्याचे वावर बरडीवर किंवा नदीकाठच्या रेतीपलीकडे आहे, ज्याला कार्तिक ते मृग रोज दोनदा पांदण तुडवायची आहे आणि एक-दोन किलोमीटरसाठी पेट्रोल जाळायचे जिवावर येते. किंवा ज्याला पहाटे धरणाच्या कोरड्या काठाने, रस्ता संपतो तिथून पुढे जायचे आहे. हा आनंद फार खरा आहे. वाट शोधावी लागत नाही, जिथे पाऊल पडेल तिथे चाक पडते. असे तुम्ही असाल तर जरूर घ्या, गिअरची आणि डिस्क ब्रेकची घ्या. सायकलबरोबर कमी दाबाचा हवामापक आणि हातपंप घ्या, आणि पांदणीच्या तोंडाशी थांबून हवा काढायला विसरू नका.